रिकाम्या खुर्चीतला खोकला

टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना काळे पडदे, समोर आणखी एका पडद्यापुढे प्लास्टिकची एक रिकामी खुर्ची, आणि खुर्चीशेजारी मौनमहाराज. नाव मौन, पण तोंडाला क्षणाची विश्रांती नाही.

"गेलेली माणसं कुठे जात नाहीत हो! आपल्यालाच ऐकू येईनासं होतं. मन रिकामं करा. शंका दाराबाहेर ठेवा. एकानं जरी शंका घेतली, तरी येणारा उंबऱ्यावरून माघारी फिरतो!"

म्हणजे कोणी आलं तर महाराजांची कृपा, नाही आलं तर तुमची चूक. हरायची सोयच ठेवली नव्हती त्यांनी.

माझ्या शेजारी आई बसली होती. बाबा गेल्यापासून ती गप्पगप्प झाली होती. या हॉलमध्ये येऊ लागल्यावर मात्र चेहरा खुलला, आणि त्याच सुमाराला तिनं हृदयाच्या गोळ्या बंद केल्या. "हे आहेत ना माझ्या पाठीशी," म्हणायची. "आता गोळ्या कशाला?" डॉक्टरांनी समजावलं, मी भांडले, काही उपयोग झाला नाही. तिला इथं पहिल्यांदा घेऊन आला तो माझा मामा, तिचा धाकटा भाऊ.

दिवे गेले. थोडा वेळ काहीच नाही. मग छातीत काहीतरी घरघरू लागलं; कानाला ऐकू येईल न येईल, पण बरगड्यांना कळेल असं. खुर्चीवर प्रकाश पडला, विझला. पुन्हा पडला, तेव्हा खुर्ची किंचित आमच्याकडे वळलेली होती. विझला. कुठूनतरी ठोके सुरू झाले, आधी सावकाश, मग भराभर. एक बारीक सूर वर चढत राहिला, चढतच राहिला. प्रकाशाची उघडझाप वाढली. खुर्ची अजून वळली. आणि एकदम सगळं बंद. 

त्या शांततेत कोणीतरी खोकलं. कोरडं, दोनदा. मग घसा खाकरला.

"अहो..." म्हणत आई उठून उभी राहिली.

माझ्याही अंगावर सरसरून काटा आला. तो बाबांचाच खोकला होता.

पण लोकांच्या अंगावर काटा आणणं हेच माझं काम आहे. मी थरारपटांचे ट्रेलर कापते. घरी परतताना आई टॅक्सीत डोळे पुसत होती आणि माझ्या डोक्यात उजळणी चालली होती: घरघर, ठोके, चढता सूर, शांतता, दणका. हा क्रम मला पाठ होता. मामानंच शिकवला होता. तो सिनेमाचे आवाज करतो. "बघणाऱ्याला घाबरवायचं नसतं," तो म्हणायचा, "त्याला वाट बघायला लावायची. घाबरायचं काम तो स्वतःच करतो."

आणखी एक गोष्ट खटकत होती. खोकल्यामागून लाकूड कुरकुरल्याचा आवाज आला होता. हॉलमधली खुर्ची तर प्लास्टिकची!

सकाळी स्टुडिओत जाऊन जुन्या आवाजांच्या फाइल उघडल्या. एका ट्रेलरसाठी म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा खोकला हवा होता, तेव्हा मामानं बाबांनाच लाकडी खुर्चीत बसवून खोकायला लावलं होतं. तो खोकला सापडला. दोनदा कोरडा, एक खाकरणं, आणि शेवटी कुर्र.

 मी तो तुकडा वेगळा काढून ठेवला.

दुपारी आईला स्टुडिओत बसवलं. पडद्यावर एक बाई बोळातून चालत होती. आवाज बंद.

"काय दिसतंय?"

"बाई चाललीये. काय त्यात?"

मी तोच तुकडा पुन्हा लावला. या वेळी खालून घरघर दिली, ठोके दिले, मधेमधे काळोख घातला, दार येईपर्यंत एकेक दृश्य छोटं करत नेलं. आईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं, जाऊ नको म्हणावं तिला!"

"आई, ती टॉवेल आणायला चाललीये."

ती हसली. मग हसू मावळलं, कारण ती मूर्ख नाही. "लाव," ती म्हणाली. "जे लावायला आणलंयस मला, ते लाव."

मी खोकला लावला. 

"हा कोणाकोणाकडे आहे?"

"माझ्याकडे. आणि..."

"कळलं," ती म्हणाली. भावाचं नाव तिनं घेतलं नाही.

पुढच्या बैठकीत दिवे जायच्या आत आई उभी राहिली. "महाराज, आज पडदे उघडून बोलवा त्यांना."

"माई, उजेडात ते येत नाहीत."

"का? आमच्या यांना उजेडाची भीती कधी नव्हती. उन्हात पेपर वाचत बसायचे."

कोणीतरी फिसकन हसलं. महाराज तोंड उघडायच्या आत आई खुर्चीमागच्या पडद्यापर्यंत पोचली होती. तिनं तो ओढला. आत मोठाले स्पीकर, लॅपटॉप, खुर्चीखालच्या फिरत्या चकतीची दोरी, आणि गळ्यात हेडफोन अडकवलेला मामा.

"ताई, तुला बरं वाटावं म्हणून... म्हणून गं," तो चाचरला. "तू जेवत नव्हतीस. मला बघवेना."

"आणि ह्या बाकीच्यांना?"

त्यानं गळ्यातला हेडफोन काढून ठेवला.

"दर वेळी दिवे लागले की ते पुन्हा जायचे," आई म्हणाली. "एकदा गेले होते, ते मी सोसलं असतं. तू किती वेळा नेलेस त्यांना माझ्यापासून?"

मी खिडक्यांचे पडदे उघडले आणि लॅपटॉपवर तो खोकला पुन्हा पुन्हा वाजवला. ऊन आत आलं होतं. उजेडात तो नुसता खोकला होता, प्रत्येक वेळी तोच, शेवटी तीच कुरकुर. महाराज मागच्या जिन्यानं केव्हा सटकले, कोणालाच कळलं नाही. लोक मात्र आमच्यावरच चिडले. एक गृहस्थ ओरडले, "तुमचं काय जात होतं?" पहिल्या रांगेतल्या बाईनं मला विचारलं, "मग माझी मुलगी 'आई' म्हणाली, ते?" तो आवाजही मी लॅपटॉपमध्ये शोधू शकले असते. माझा हात उठला नाही. आईच तिच्याशेजारी जाऊन बसली.

आई आता गोळ्या घेते. मामा दोनदा येऊन गेला. दार मी उघडलं, पण आई खोलीतून बाहेर आली नाही. मी आता त्याच्यासोबत काम करत नाही. त्यानं शिकवलेलं मात्र रोज वापरते, आणि ते हाताला टोचतं.

म्हणून सांगते. सिनेमाचं तिकीट काढून खुशाल घाबरा. तिथं आपण खेळ बघायलाच गेलेलो असतो. पण अंगावर काटा आला, ऊर धडधडला, डोळ्यांत पाणी आलं, एवढ्यानं समोरची गोष्ट खरी ठरत नाही. काटा कसा आणायचा, हे शिकता येतं आणि शिकवताही येतं. कोणी अंधारात बसवून तुमची गेलेली माणसं दाखवू लागला, तर आधी खिडकी उघडायला सांगा. त्यानं नकार दिला, तर तिथून उठा, आणि शेजारी रडत बसलेल्या माणसालाही हाताला धरून सोबत घेऊन या.