मेंढरांच्या मधोमध

सडकखात्याचा साहेब पाहणीला येणार त्या दिवशी गावाने आत्याला बजावलं, "आज मेंढरं कोंडून ठेव."

गाव सडकेच्या अलीकडे, शेतं पलीकडे. आणि सडक अशी भरधाव की एक कोंबडी अलीकडून निघाली ती पलीकडे पोचेस्तोवर म्हातारी झाली. खोटं वाटत असेल त्याने कोंबडीलाच विचारावं. माणसासाठी एकही ड्रायव्हर थांबत नसे. मेंढरांसाठी मात्र थांबत, कारण मेंढरू चाकात गुंततं. म्हणून अख्खं गाव आत्याच्या मेंढरांच्या मधोमध चालून शेतावर जायचं. तरी रोज थोडीच सगळे थांबतात? चाळीस होती, त्यातली सतरा उरली.

"साहेबाला आपले हाल दिसले तरच सडकेखालून वाट मिळेल," सुतार म्हणाला. तीन वर्षं अर्ज त्यानेच लिहिले होते.

"आणि कुणी चिरडलं गेलं तर?" आत्याने विचारलं.

"मग लगेच मंजूर होईल," न्हावी म्हणाला. कुणी हसलं नाही.

साहेब खुर्ची टाकून, वही उघडून बसला. पलीकडे आत्याची भावजय चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन उभी. पहाटे मेंढरं कोंडण्याआधी त्यांच्याबरोबर गेलेली, आता परतायचं होतं. पाऊल टाकायची, मागे घ्यायची. तास झाला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.

"थांब गं वहिनी, येऊ नकोस," आत्या ओरडली.

"मान मोडली माझी, वन्सं. येते मी."

आणि ती निघाली. आत्याने कोंडवाड्याचं फाटक उघडलं.

ब्रेक किंचाळले. मेंढरं गेली, वळली, भावजयीला मधे घेऊन, भाऱ्यातून लोंबणारा चारा ओढत परत आली. सोळा.

साहेबाने वहीत लिहिलं. "सोय तर झकास आहे. अर्ज कशाला केलात?"

"साहेब, ती मेंढरं आहेत," सुतार म्हणाला.

"तेच म्हणतोय मी."

चार महिन्यांनी पिवळा फलक लागला. त्यावर मेंढीचं चित्र.

"मेंढी मात्र चांगली काढलीय," न्हावी म्हणाला.

आत्याने सुताराला विचारलं, "मी नुसती बघत बसायला हवं होतं का?" त्याने चौथ्या वर्षीचा अर्ज लिहायला घेतला.

आता एकच मेंढा उरलाय. सकाळी त्याच्यामागे विळे घेऊन माणसं रांगेत उभी राहतात. आत्या त्याच्या पाठीवर हात ठेवते, "चल बाबा."

तो फलकाच्या सावलीत बसून राहतो.