शिवाप्पांची पाच मिनिटं

“थांबा, पाच मिनिटं,” आतून आवाज आला आणि दाराची कडी खट्‌कन लागली.

माझे वडील, अण्णा, केबिनच्या दाराबाहेर थांबले. सोयाबीन भरलेली आमची ट्रॉली काट्यावर उभी होती. मी मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू केलं.

“बगितलंस?” अण्णा हळूच म्हणाले. “आकडा डोळ्यानं बगायचाय म्हणलं की दार लावतंय. आत काय करायलाय कुणाला ठाऊक.”

चार मिनिटं दहा सेकंदांनी दार उघडलं. दारात शिवाप्पा उभे. वय पन्नाशीच्या पुढचं, इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पायात रबरी चप्पल. गंगाखेड रस्त्यावरच्या बन्सीधरशेठच्या या धर्मकाट्यावर सहा वर्षांपासून वजन करायचं काम त्यांच्याकडे होतं.

“या, माणिकराव. बगा डोळ्यानं. ताई, तुमी बी या.”

यंत्रावर ७५४० हा आकडा स्थिर होता. ट्रॉली रिकामी करून आणल्यावर तो ३४२० झाला. म्हणजे माल एक्केचाळीस क्विंटल वीस किलो. अण्णांनी मळणीच्या दिवशी घरी पोतं पोतं मोजलं होतं, ते बेचाळीस क्विंटल भरलं होतं.

“ऐंशी किलो कुठं गेलं?” परत जाताना अण्णांनी ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज चढवून विचारलं.

मी एम.एस्सी. फिजिक्स करून जूनमध्ये गावी परतले आणि सकाळी दहावीच्या मुलांचे क्लास घेऊ लागले. घरात कसलाही हिशोब अडला की तो माझ्याकडे येतो. मी सांगितलं, “अण्णा, मळणीच्या दिवशी ओल चौदा टक्के धरा. आज व्यापाऱ्यानं बारा पूर्णांक तीन काढली. दहा दिवसांत दाणा वाळला. बेचाळीसचे साधारण एक्केचाळीस वीसच होतात.”

“म्हंजे ऐंशी किलो हवेनं खाल्लं म्हणतीस?”

“हो.”

“शिकलीस तर लय,” अण्णा म्हणाले. “मग तो दार कामून लावतोय, ते बी सांग की हवेला इचारून.”

खरं सांगायचं तर दाराबाहेर उभी असताना मलाही एक गोष्ट खटकली होती. केबिनच्या खिडकीला आडव्या सळ्या आहेत. ट्रॉली काट्यावर चढली तेव्हा शिवाप्पा खिडकीशी उभे राहून नंबर लिहून घेत होते आणि विभूतीचे पट्टे बरोबर तिसऱ्या सळीला लागले होते. दार उघडल्यानंतर ते त्याच खिडकीशी, त्याच जागी उभे राहिले, तर पट्टे सळीच्या चांगले चार बोटं खाली. नजरेचं माप चुकतं, म्हणून पुढच्या दोन खेपांना मी लांबून फोटो काढले. सळ्यांमधलं अंतर धरून हिशोब केला. फरक आठ सेंटिमीटरच्या आसपास येत होता. दोन्ही खेपांना अण्णांनी आकडा बघायला मागितला, दोन्ही खेपांना दार लागलं. एकदा तीन मिनिटं पन्नास सेकंद, एकदा साडेचार मिनिटं.

माणूस बंद खोलीत आठ सेंटिमीटरनं कमी होत नाही. म्हणजे तो कशावर तरी उभा असतो आणि दार उघडण्याआधी ते लपवतो. मी वहीत लिहिलं : टेबलाखाली फळी. फळीखाली पायानं दाबायचा खटका?

संध्याकाळी ही वही मी अण्णांना दाखवली. दाखवायला नको होती, असं आता वाटतं. त्यांनी आपल्या चुलतभावाला, भुजंगकाकांना बोलावलं. काकांच्या उसाच्या दोन खेपा त्या काट्यावरून गेल्या होत्या.

“म्या म्हणतच हुतो!” भुजंगकाका वहीवर बोट आपटत म्हणाले. त्यांनी वही उलटी धरली होती. “पायानं दाबतंय लेकाचं! वरून कपाळाला राख, आन् खाली ही बेइमानी.”

“काका, हा अंदाज आहे. अजून सिद्ध काही झालेलं नाही.”

“सिद्ध करू की. तू हायस ना.”

दुसऱ्या दिवशी दुकानातून सिमेंटच्या पन्नास किलोच्या वीस सीलबंद गोण्या नेऊन काट्यावर ठेवल्या. आकडा आला हजार. मग नुसता ट्रॅक्टर पुढं, मागं, कडेला उभा करून पाहिला, प्रत्येक वेळी आकडा एकच. शिवाप्पांनी तक्रार केली नाही. उलट मला विचारलं, “ताई, कोपऱ्यात ठिवून बगितलं का? कोपऱ्यात फरक पडतो कदी कदी.” गोण्या कोपऱ्यांत ठेवून पाहिल्या, तिथंही हजारच. चोराच्या तोंडी हा प्रश्न बसत नव्हता. पण हुशार चोर असंच विचारेल, हेही माझ्या डोक्यात आलं. शिवाय चाचणीआधी त्यांनी पाच मिनिटं घेतलीच होती.

मग आम्ही बन्सीधरशेठकडे गेलो. शेठनं सगळं ऐकून घेतलं आणि पानाची पिंक टाकली.

“काटा माझा, नाव माझं. माणूस घावला तर त्याच दिवशी घरी पाठवतो आन् पोलिसात देतो. पर रंगेहात घावला पायजे. नुसत्या शकावर मी सहा वर्षांचा माणूस काढणार न्हाई.”

सोमवारी शिवाप्पा महादेवाच्या देवळात जाऊन दहाला कामावर येत. त्या सोमवारी आम्ही नऊलाच केबिन उघडली. टेबलाखाली फळी नव्हती. खटका नव्हता. जमिनीवर साधी शहाबादी फरशी. कोपऱ्यात फक्त एक लोखंडी पेटी, तिला कुलूप.

“यंत्र पेटीत,” भुजंगकाका म्हणाले. “फोडा.”

“फोडलं तर म्हणंल तुमीच ठिवलं,” शेठ म्हणाले.

मी म्हणाले, “कडी ज्यात अडकते त्या पट्टीचे स्क्रू ढिले करून ठेवा. कडी लागल्यासारखी वाटेल, पण ढकललं की दार उघडेल.” ही युक्ती माझी होती. ती मी सहज सांगितली, एखादं गणित सोडवावं तशी.

साडेअकराला काट्यापुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. अण्णा, काका, शेठ आणि मी भिंतीला लागून दाराशी गेलो. आवाज न देता भुजंगकाकांनी खांदा मारला. पट्टी निघून फरशीवर पडली.

शिवाप्पा खिडकीशी उभे होते. हातात पावतीपुस्तक. दाराच्या आवाजानं ते वळले. वळताना फरशीवर दोन वेळा टक्‌ टक्‌ झालं.

त्यांच्या पायात बूट होते. काळ्या चामड्याचे, घोट्याच्या वर जाणारे, पुढून लेस बांधलेले. टाचा उंच, खाली निमुळत्या. पॉलिश इतकं, की खिडकीचा चौकोन त्यात दिसत होता. पेटी उघडी होती. तिच्यात रबरी चपलांचा जोड आणि पॉलिशचा ब्रश.

मग भुजंगकाका ओरडले, “बुटात हाय! मशीन बुटात हाय! टाच बगा केवढी!”

“बुटात मशीन?” शिवाप्पांना कळेना.

“काढ! काढ आदी!”

शिवाप्पांनी शेठकडे पाहिलं. शेठनं मान डोलावली. ते स्टुलावर बसले आणि लेस सोडू लागले. बोटं घाई करत नव्हती. दोन्ही बूट काढून त्यांनी जोडीनं टेबलावर ठेवले.

“पोरी, बग,” अण्णा म्हणाले.

मी बूट उचलले. आतलं चामडं बोटांच्या जागी काळपट झालं होतं. टाचेवर नखानं वाजवलं, भरीव होती. पट्टी लावली : साडेआठ सेंटिमीटर. तळ नीट शिवलेला. नऊ नंबरचा, मापानं बनवून घेतलेला पुरुषाचा बूट. आम्ही चार माणसं या साडेआठ सेंटिमीटरचा शोध घेत होतो.

“यात काही नाही,” मी म्हणाले.

“नीट बग.”

“अण्णा, काही नाही. बूट आहेत.”

“मग घालतोय कशाला?” भुजंगकाकांनी शिवाप्पांनाच विचारलं. “बायावानी?”

शिवाप्पा नुसत्या मोज्यांत बसून होते. म्हणाले, “बरं वाटतं.”

“बरं वाटतं म्हंजे?”

“बरं वाटतं म्हंजे बरं वाटतं. हैदराबादला मेव्हण्याच्या लग्नाला गेलतो. तिथं एका दुकानात गंमत म्हून पाय घातला. उभा ऱ्हायलो तर पाठ सरळ झाली. वाटलं, आपण असंच उभं ऱ्हायला पायजे हुतं. मापानं शिवून घेतले. घरी घालतो, इथं घालतो. नागूला, माज्या बायकोला, म्हाईत हाय. पहिले चार दिवस हसली, मग पॉलिश आणून दिलं.”

दारात आता दोन-तीन ड्रायव्हर येऊन उभे राहिले होते. त्यांतला एक फिस्सकन हसला. दुसऱ्यानं मोबाइल वर केला.

शेठ चिडले होते, आणि कशावर चिडावं ते त्यांना कळत नव्हतं. “अरे, मग सहा वर्षं सांगायला काय झालतं? दार लावून बसलास, गावभर शक! आज पोलिसात देणार हुतो मी तुला.”

“सांगितलं असतं तर हसले असते, शेठ.”

“हसू दे की! हसल्यानं काय मरतं का माणूस?”

“माणूस न्हाई मरत. पर काटेवाल्यावर हसले की त्याच्या पावतीवर बी हसतेत.” शिवाप्पा यंत्राकडे बघत म्हणाले. “माझी पावती घिऊन लोक व्यापाऱ्याशी भांडतेत. कारखान्याशी भांडतेत. तिथं समोरचा म्हणला, ‘कुणाची पावती? त्या टाचावाल्याची?’ तर शेतकऱ्याचं भांडण तिथंच संपलं. म्हून दार लावलं. दारामुळं शक यील, हे न्हाई सुचलं मला.”

अण्णा खाली बघत होते. भुजंगकाका उगाच टेबलाखाली वाकून पुन्हा एकदा पाहून आले.

“ताई,” शिवाप्पा मला म्हणाले, “तुमी शिकलेल्या हाव. तुमी बगितलं. काटा बरोबर हाय का न्हाई?”

“बरोबर आहे.”

“मग लिवा. आजची तारीख टाका. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.”

त्यांनी पावतीपुस्तकातला एक कोरा कागद फाडून माझ्यापुढं ठेवला. मी लिहिलं : वीस गोण्यांनी काटा तपासला, कोपऱ्यांसह, फरक शून्य, केबिनमध्ये व कर्मचाऱ्याच्या अंगावर संशयास्पद काहीही आढळले नाही. ‘अंगावर’ लिहिताना पेन अडलं. अण्णांनी सही केली. शेठनं केली. भुजंगकाका म्हणाले, “माझी कशाला?” शिवाप्पा म्हणाले, “दार तुमी पाडलं ना.” त्यांनीही केली.

कागदाची घडी खिशात घालून शिवाप्पांनी टेबलावरचे बूट घेतले. मला वाटलं, ते पेटीत ठेवतील. त्यांनी पेटीतून काही काढलं नाही. स्टुलावर बसून डावा पाय आत घातला, टाच फरशीवर आपटून बसवली आणि लेस ओवायला सुरुवात केली. लेस अडकवायच्या एका आकड्यामागून दुसरा आकडा, खालून वर. मग उजवा. एवढी माणसं बघत होती तरी त्यांनी एकही आकडा वगळला नाही. मला घड्याळ बघायची गरज नव्हती. पण सवयीनं पाहिलं. चार मिनिटं.

बाहेर हॉर्न वाजू लागले. काट्यावर जिंतूरकडची उसाची ट्रॉली मघापासून उभी होती. तिच्या ड्रायव्हरला आत काय चाललंय याच्याशी काही घेणं नव्हतं. तो ओरडला, “ओ काटेवाले! लय येळ झालाय. वजन घेताव का जाऊ?”

शिवाप्पा उठले. खिडकीतून वाकून पाहिलं.

“मागचं चाक कडंला हाय वाटतं,” ते म्हणाले. सहा वर्षांत अशा वेळी त्यांनी खिडकीतूनच हाक मारून ड्रायव्हरला बघायला सांगितलं होतं. आता ते दाराकडे निघाले. दारातली माणसं बाजूला झाली. “ताई, आकड्यापाशी थांबा. मी काट्यावरून उतरंपतुर बटन दाबू नका.”

ते पायऱ्या उतरले, मातीतून गेले आणि लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढले. लोखंडावर टाचांचा आवाज केबिनपर्यंत ऐकू आला. रांगेतल्या ट्रॅक्टरांवरची माणसं उभी राहून बघू लागली. कुणीतरी शीळ घातली. शिवाप्पा मागच्या चाकाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि टायर कडेपासून किती आत आहे ते बघू लागले.

मी यंत्राकडे पाहिलं. १४३२० होतं, ते १४३९० झालं होतं.

“घ्या पुडं,” बाहेरून आवाज आला. “अजून. अजून चार बोटं. बास.”

आकडे भराभर बदलले, थरथरले आणि १६८५० वर थांबले. माझ्या मागे अण्णा येऊन उभे होते. ते यंत्राकडे वाकले.

“किती भरलं?”

“थांबा, अण्णा,” मी म्हणाले. “आप्पा अजून काट्यावर आहेत.”

बाहेर शीळ चालूच होती. शिवाप्पांनी दुसऱ्या बाजूला जाऊन तिकडचंही चाक पाहिलं, मग सरळ उभे राहिले, सदरा खाली ओढून नीट केला आणि सावकाश, एकेक पाऊल टाकत काट्यावरून खाली उतरले.

१६७८०. मी बटन दाबलं.