बसंतीबाईची कोथळी आणि पिवळी पडलेली तीज

मित्रांनो, राजूरच्या या दोन खोल्यांच्या घरात दाराआड खिळ्याला टांगलेली जुनी, आरशांची कोथळी दिसते ना? ती मी. माझ्या एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या पिशव्यांचं बोचकं आणि मधे मी, अशी आमची शेजारपाजाराची व्यवस्था आहे. इथे कोळशाची धूळ फार. दिवसभर ट्रक जातात आणि संध्याकाळपर्यंत माझे आरसे काळे होतात. तुम्ही म्हणाल, सुपारी ठेवायची पिशवी ती, तिनं एवढं काय मिरवावं? तर ऐका. एके काळी बसंतीबाईच्या खांद्यावर मला नुसतं पाहून चोरांना घाम फुटायचा. आता आमच्या तांड्यात खरे चोर फारसे नव्हते, हे मी नाकारत नाही. पण जे होते त्यांना फुटायचा.

माझा जन्म बाभुळगावजवळच्या एका बंजारा तांड्यातला. बसंती तेव्हा लग्नाआधीची पोर होती. आईच्या जुन्या घागऱ्याचं लाल कापड कापून तिनं मला शिवलं, बाजारातून आरसे आणले, तोंडाशी कवड्या ओवल्या. सगळं नीट झालं, फक्त मधला आरसा तिरपा बसला. तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, पाहिलं आणि म्हणाली, "उसव ते अन् परत टाक." बसंतीनं मान हलवली आणि काही केलं नाही. ती जन्मभर अशीच होती. हो म्हणायची आणि आपल्या मनाचं करायची.

त्या तिरप्या आरशानं माझं नशीब काढलं. मला मांडीवर ठेवून बसलं की त्यात पाठीमागचं सगळं दिसतं. अंगण, दार, दारातून डोकावणारं माणूस, सगळं. हे बसंतीबाईला लग्नानंतर, सासूकडे पाठ करून भाकरी थापताना कळलं. सासू मागून तोंड वेडावते, हा तिचा पहिला शोध.

पुढे नवरा लवकर गेला, केस पांढरे झाले आणि तांड्यातल्या साऱ्या भानगडी तिच्या ओट्यावर यायला लागल्या. मोठमोठ्या शहरांत यासाठी वेगळी माणसं असतात म्हणे, पगार घेऊन काम करणारी. बसंतीबाई पगार घेत नव्हती. तिला फक्त कळल्याशिवाय जेवण जायचं नाही. तिची पद्धतही वेगळी होती. ज्याच्यावर संशय, त्याच्याकडे ती कधी तोंड करून बसली नाही. पाठ करून बसायची, मला मांडीवर घ्यायची आणि तांदूळ निवडायची. "तोंडावर पाह्यलं का मानूस खोटं बोलते," ती म्हणायची. "पाठमोरं बसलं का तो आपल्या जागी येते."

तानाबाईच्या शेळीचं प्रकरण अजून आठवतं मला. शेळी सकाळी दूध द्यायची आणि संध्याकाळी कास रिकामी. तानाबाईनं शेजारणीवर आळ घेतला, दोघींचं बोलणं बंद झालं, मधे कुडाची भिंतसुद्धा उभी राहिली. बसंतीबाई दुपारभर गोठ्याकडे पाठ करून बसली. मी पाहिलं ते सांगते. त्या शेळीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मान वळवली आणि स्वतःचंच दूध स्वतः प्यायली. अगदी डोळे मिटून. तानाबाईनं कूड काढला, पण शेळीशी ती पुढे कितीतरी दिवस बोलली नाही.

शामच्या लग्नात नवरदेवाचं पागोटं हरवलं तेव्हाही आम्हीच होतो. सगळे पाहुण्यांवर संशय घेत होते आणि शामचे आजोबा ते उशाला घेऊन मंडपामागे घोरत होते. एकदा आम्ही चुकलोही. कोंबडी चोरल्याचा आळ बसंतीबाईनं एकावर घेतला, आणि महिनाभरानं ती कोंबडी रानातून दहा पिल्लं घेऊन आपल्या मालकिणीच्या अंगणात चालत आली. त्या माणसाला तिनं घरी बोलावून पुरणपोळी घातली. आमचा धंदा असा होता, मित्रांनो. सगळे हसायचे, आणि हसत हसत आमच्याकडेच यायचे.

पण एका वर्षी हसण्यासारखं काही नव्हतं. ते तीजेचं वर्ष.

तीज म्हणजे आमच्या तांड्यातल्या लग्नाआधीच्या पोरींचा सण. श्रावणात प्रत्येक पोर आपल्या टोपलीत वारुळाची माती आणि शेणखत भरते, त्यात भिजवलेले गहू पेरते. सगळ्या टोपल्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, अंगणात मचाणावर ठेवतात. पोरी नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात. पाणी पोरींनीच घालायचं, बाप्यांनी टोपलीला हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी ते हिरवे कोंब तोडून मोठ्यांच्या पागोट्यात खोवतात आणि टोपल्या नदीत सोडतात. जिची तीज उंच आणि हिरवी, तिचं घर भरलेलं राहणार, असं सगळे मानतात.

आमचा नायक होता प्रेमसिंग. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. त्याची मुलगी अंजू. त्या वर्षी तिची राजूरच्या संजयशी सोयरीक ठरत होती. संजय ट्रक चालवायचा. अंजूनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि बसंतीबाईच्या कानात सांगितलं होतं (तांड्यातल्या पोरी तिलाही याडीच म्हणायच्या), "याडी, झालं तर हेच, नाई तर नाई." तीजेच्या शेवटच्या दिवशी त्याच्या घरचे गूळ खायला येणार होते. आमच्यात गूळ खाल्ला की सोयरीक पक्की.

आणि पाचव्या दिवशी अंजूची तीज पिवळी पडली.

बाकीच्या टोपल्या हिरव्यागार. हिचीच शेंड्याकडून जळालेली, आडवी पडलेली. बाया कुजबुजायला लागल्या. तानाबाई म्हणाली, "नायकाच्या घरची तीज अन् पिवळी? काही तरी खोट असन पोरीत." अंजूची आई मानीबाई म्हणाली, कोणी तरी नजर लावली, आणि शेजारणींची नावं घ्यायला लागली. कोणी तरी राजूरला फोनही केला. तिकडून निरोप आला की आधी तीज पाहू, मग गुळाचं बोलू.

अंजू बसंतीबाईच्या ओट्यावर येऊन बसली. डोळे सुजलेले. "याडी, मी पान्यात काही कसूर नाई केली. साऱ्यांसारखंच घातलं."

"रडू नको," बसंतीबाई म्हणाली. "तीज आपल्या मनानं नाई जळत. कोनी तरी काही तरी केलं हाये. मले पाहू दे."

आम्ही गेलो. तिनं टोपलीत नाक खुपसलं, माती बोटांत चोळली, जळालेला शेंडा उन्हात धरून पाहिला. मग घरी आली. रोग नव्हता, कीड नव्हती. विचार करायचा म्हणजे तिला सुपारी लागायची. तिनं माझ्यात हात घातला, चिमूटभर खांडं तोंडात टाकली आणि दुसऱ्या क्षणी थुंकली.

"हे काय? खारं अन् थंडगार?"

तिनं मला उलटं केलं. सुपारीच्या खांडांबरोबर ओट्यावर दोन पांढरे, गोल दाणे पडले. युरिया. मित्रांनो, माझ्या पोटात शेतातलं खत! इतक्या वर्षांत माझा असा अपमान कोणी केला नव्हता. पण बसंतीबाईचा चेहरा उजळला. टोपलीत काय पडलं होतं, ते तिला आता कळलं होतं. खत जास्त झालं की कोवळं पीक जळतं, हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक.

कोणी टाकलं, ते मात्र ठरवायचं होतं. युरिया त्या दिवसांत घरोघरी असतो. पण ते दाणे माझ्यात आले कसे? बसंतीबाई सुपारी द्यायची ती स्वतःच्या हातानं, तळहातावर मोजून. कोणाला पिशवीत हात घालू देत नव्हती. अख्ख्या तांड्यात एकच माणूस असा होता, जो न विचारता हात घालायचा, आणि नायक म्हणून त्याला ती काही बोलायची नाही. दोन दिवसांपूर्वी सकाळी तो ओट्याशी उभा राहून म्हणालाही होता, "आज तंबाखू खारट लागून राह्यला, बसंतीबाई. सुपारी द्या." आणि द्यायची वाट न पाहता त्यानं हात घातला होता.

बसंतीबाईनं ते दोन दाणे पदराच्या टोकाला बांधले. मग तिनं सुपात तांदूळ घेतले, मला घेतलं आणि दिवेलागणीच्या आधी नायकाच्या अंगणात जाऊन मचाणाकडे पाठ करून बसली.

पोरी पाणी घालून, गाणी म्हणून गेल्या. अंगण रिकामं झालं. माझ्या तिरप्या आरशात प्रेमसिंग आला. त्याच्या हातात लोटा होता. त्यानं आजूबाजूला पाहिलं, बसंतीबाईची पाठ पाहिली आणि अंजूच्या टोपलीत हळूहळू पाणी ओतायला लागला. एवढा मोठा माणूस, पाणी ओतता ओतता पागोट्याच्या शेवानं डोळे पुसत होता.

"नायक," बसंतीबाई तांदळातला खडा काढत म्हणाली, "आता पानी टाकून खत नाई धुपत."

लोटा खाली पडला.

"तुमी तर इकडं पाह्यलं बी नाई."

"नाई पाह्यलं. अन् पाहनार बी नाई. बोला तुमी."

तो मचाणाला टेकून खाली बसला. "तिची ही शेवटची तीज हाये, बसंतीबाई. पुढच्या साली ती सासरी. मले वाटलं, साऱ्या तांड्यात तिची उंच यावी. थोडासा टाकला."

"थोडासा म्हंजे?"

"मूठभर."

"एवढुशा टोपलीत मूठभर? कपाशीच्या एका झाडाले तरी टाकता का तुमी मूठभर?"

"कपाशी काही माही पोरगी नाई," प्रेमसिंग म्हणाला.

बसंतीबाईचे हात सुपात थांबले. मी तिच्या मांडीवर होते म्हणून मला कळलं, ती हसत होती आणि रडतही होती.

"आता पाहुने येतीन," ती म्हणाली. "पोरीत खोट हाये म्हनून परत जातीन. तवा कोन सांगन?"

"मी नायक हाये. साऱ्यांचा न्याय मी करतो. नायकानंच तीजेले हात लावला, असं म्हनतीन."

"म्हनू द्या ना. तिले बोल लागते, तुमाले लागू द्या. मी नाई सांगत कोनाले. मी चोर पकडते, नायक. बाप नाई पकडत."

एवढं बोलून ती उठली आणि मागे वळून न पाहता घरी आली. त्या दिवसांत तिनं खरंच कोणाला काही सांगितलं नाही. अंजूनं विचारलं तेव्हा तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "तुह्यात काही खोट नाई. बाकीचं तुले आपोआप समजन." पण ते दिवस तिला जड गेले. प्रेमसिंग बोलला नाही तर काय, हा घोर तिला लागला होता, आणि सुपारी माझ्यात तशीच पडून होती.

शेवटचा दिवस आला. पाहुणे आले. संजयचे वडील पुढे, हातात काठी. मचाणापाशी सगळा तांडा जमला होता. हिरव्या टोपल्यांच्या रांगेत ती एक पिवळी टोपली लांबूनही दिसत होती. म्हातारा तिच्यासमोर थांबला. अंजू मान खाली घालून उभी होती.

तेव्हा प्रेमसिंग पुढे आला. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. नायकाला आम्ही तसं कधी पाहिलं नव्हतं.

"दोष पोरीचा नाई," तो म्हणाला. "माहा हाये. तीज उंच यावी म्हनून मी तिच्यात युरिया टाकला."

"किती?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मूठभर."

म्हाताऱ्यानं वाकून, हात न लावता माती हुंगली, आणि जे हसायला लागला ते ठसका लागेपर्यंत. मग सगळा तांडा हसला. तानाबाई तर तोंडाला पदर लावून खालीच बसली. ठसका थांबल्यावर म्हातारा म्हणाला, "नायक, पोरीवर येवढा जीव हाये, तर आमच्या घरी पाठवानच कसं तिले?"

"तेच तर जमून नाई राह्यलं," प्रेमसिंग म्हणाला आणि सगळ्यांसमोर रडला.

गूळ तिथेच, उभ्या उभ्या खाल्ला गेला. पोरींनी आपापल्या टोपलीतले मूठमूठ हिरवे कोंब अंजूच्या टोपलीत खोचले आणि तिची टोपली भरली. अंजूनं ते कोंब तोडून सगळ्या मोठ्यांच्या पागोट्यात खोवले. वडिलांपाशी आली तेव्हा मात्र तिनं हिरव्याला हात लावला नाही. तळाचे जळालेले, पिवळे कोंब हळूच उपटले आणि तेच त्याच्या पागोट्यात खोवले. प्रेमसिंगनं ते पार वाळेपर्यंत काढले नाहीत.

लग्नाच्या दिवशी बसंतीबाईनं मला धुतलं, नवी सुपारी भरली आणि अंजूच्या हातात दिलं. "आरसा वाकडा हाये," ती म्हणाली. "पन खरं दाखवते." माझ्यात सापडलेल्या त्या दोन दाण्यांची गोष्टही तिनं तेव्हाच बाप-लेकीला सांगितली. मी राजूरला आले. दोन उन्हाळ्यांपूर्वी एका दुपारी फोन आला आणि अंजूनं मला खिळ्यावरून काढून तोंडाशी धरलं. तेव्हा मला कळलं की बसंतीबाई गेली. मला तिची फार आठवण येते, मित्रांनो. तिच्या हाताला चुना आणि तांदळाचा वास यायचा. तो आता माझ्या शिवणीतही राहिला नाही.

माझे चार आरसे गळालेत. एक कवडीही गेली. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी कोथळी असेल तर तिला बोचक्यात कोंबू नका. वर्षातून एकदा ऊन दाखवा, सैल झालेला आरसा दोन टाक्यांनी बसवा. आणि कोणाची चूक शोधायची वेळ आलीच, तर त्याला डोळे पुसायला वेळ मिळेल इतपत पाठ करून बसा. माझ्या बाईनं मला एवढंच शिकवलं.

प्रेमसिंग आता थकलाय. तरी श्रावणात एसटीनं राजूरला येतो. खाटेवर बसला की सवयीनं माझ्याकडे हात जातो, आणि मधेच थांबतो. मग तो तळहात उघडून अंजूपुढे धरतो. अंजू तो उलटसुलट करून पाहते, बोटांच्या बेचक्यासुद्धा तपासते, अगदी गंभीर चेहऱ्यानं. "घ्या, बा," म्हणून मला पुढे करते आणि पटकन त्याच्याकडे पाठ करते. गेल्या श्रावणात तिनं पाठ केली तेव्हा मी तिच्या हातातच राहिले होते. आरशात मागे प्रेमसिंग पागोट्याचा शेव डोळ्यांना लावत होता, आणि माझ्या वर अंजू पदर. दोघांना एकमेकांचं दिसलं नाही. मला दोघांचंही दिसलं, आणि मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.