तेव्हा मी विझलेला होतो

मित्रांनो, मी एक जुना रिंगलाइट आहे. बांगडीसारखा गोल, तीन पायांच्या काठीवर उभा. माझे अर्धे दिवे आता लागत नाहीत. पण आज त्याचं दुःख सांगायला नाही, एक लाजेची गोष्ट कबूल करायला तुमच्यापुढे आलो आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला. जाग आली ती नागपुरात, कामिनीताईच्या खोलीत. ती नवऱ्या मुलींचा मेकअप करते आणि त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकते. माझ्या मधल्या पोकळीत ती मोबाइल अडकवायची. सुरुवातीला पाहणाऱ्या तिच्या चार मैत्रिणीच. मग हळूहळू कामठीहून, भंडाऱ्याहून बोलावणी येऊ लागली. लोक लिहीत, "ताई, काय उजेड आहे!" मी मनातून फुलून जायचो.

त्या फुलण्यातच माझं चुकलं. व्हिडिओत मेकअपआधीचा आणि मेकअपनंतरचा असे दोन चेहरे दाखवायचे असत. पहिला चेहरा टिपताना ताई मला बंद करी, खिडकीचा पडदा ओढी. अंधारात कुणीही मलूलच दिसणार. दुसऱ्या वेळी मी लख्ख! अर्धी जादू ब्रशची, अर्धी माझी. पाहणाऱ्यांना ते कळत नसे.

एकदा ताईची आई, जयवंताबाई, उमरेडहून आल्या. धंतोलीतल्या दवाखान्यात डोळे दाखवायचे होते. दिवेलागणीला ताईने मला लावलं, तर त्यांनी पदर सावरून मला हात जोडले.

"आई, हा व्हिडिओचा लाइट आहे वं!" ताई हसली.

"दिवा तं आहे ना? हात जोडाले काय जाते?"

समईचा मान मला जन्मात पहिल्यांदाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी मेकअपला ठरलेली मुलगी आलीच नाही. ताईने आईलाच खुर्चीवर बसवलं.

"हसू नको वं आई. तोंड पाडून बस."

"काहून?"

"पहिले असंच दाखवतात."

आणि तिने मला बंद केलं.

तो व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. शेजारची गुंजन मोबाइल घेऊन धावत आली. "काकू, तुम्ही तं फेमस झाल्या!"

जयवंताबाईंना अक्षर नीट दिसत नव्हतं. "वाच ना वं, काय लिहून राहिले लोक?"

"ताईच्या हातात जादू आहे... पहिली बाई तर चेटकीण..." गुंजनने मोबाइल पालथा केला.

"वाच, वाच. डोळे अधू आहेत, कान नाही."

त्या संध्याकाळी ताईने मला लावलं. सवयीने जयवंताबाईंचे हात वर आले, अर्ध्यावर थांबले आणि पदराखाली गेले. "कामिनी, मी इतकी वाईट दिसते काय वं?"

मित्रांनो, आपण विझून जावं असं मला तेव्हा वाटलं.

 ताईने आईला तोंड धुवायला लावलं, माझ्यासमोर बसवलं आणि मोबाइल सुरू केला. ना पावडर, ना काजळ. आधी मला बंद केलं, मग लावलं. "बघा, चेहरा तोच आहे. फरक मी लाइटनं केला होता. मी खोटं दाखवलं, आणि तेही माझ्या आईचं."

तो व्हिडिओ फार कुणी पाहिला नाही. ज्यांनी पाहिला त्यांतल्या दोन नवऱ्या मुलींनी ठरलेला मेकअप दुसरीकडे नेला. पण ताई आता पहिला चेहराही माझ्याच उजेडात टिपते.

परतायच्या आदल्या संध्याकाळी जयवंताबाईंनी चाचपून स्वतःच माझं बटण दाबलं. हात जोडले. पुटपुटल्या, "तुले काय बोलू, बाबा? तू तं लावणाऱ्याच्या हातात."

त्यांनी मला माफ केलं. मला मात्र तो नमस्कार अजून पेलत नाही. देवघरातलं एवढंसं निरांजन. तेही देवाला आणि त्याच्यापुढे बसलेल्या बाईला सारखाच उजेड देतं. मला तेवढं जमलं नाही.

म्हणून सांगतो, कुणाचा 'आधीचा' चेहरा पाहून हसू आलं, तर क्षणभर थांबा. तेव्हा दिवा लावलेला होता का, एवढं विचारा.