तेरावर थांबलेला आकडा

मित्रांनो, नंदुरबारच्या एका हायस्कुलात, प्रयोगशाळेच्या कपाटात आडवी पडलेली काचेची लांब नळी म्हणजे मी, एक जुनी ब्युरेट. अंगावर आकडे, खाली तोटी. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईआधी चुडामण मास्तरांनी मला आणलं. ब्युरेट खोटं बोलत नाही, असं ते पोरांना सांगत, आणि मी फुशारून जाई.

लढाई चालू असताना एकदा त्यांनी पोरांकडून आम्ल आणि स्पिरिट बाटल्यांत मिसळून घेतलं. त्यातून एक सुवासिक द्रव आणि पाणी तयार होतं, आणि त्यांचं पुन्हा आम्ल नि स्पिरिटही होतं. रोज माझ्यातून कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडून उरलेलं आम्ल मोजायचं. अठरा, चौदा, अकरा, नऊ. मग रोज नऊच.

"थांबनं नही ते," मास्तर म्हणाले. "जितलं पुढे जास, तितलंच मांगे येस."

वाहरूपर्यंत येता येता स्पिरिट संपलं होतं. हा सातपुड्यातला मुलगा. त्यानं घरून मोहाची पहिल्या धारेची दारू आणली, त्याची आई तुळशीबाई देवापुढे ठेवायची ती. त्याच्या लेखी याहून शुद्ध काही नव्हतं. पोरं दारुडा म्हणतील म्हणून त्यानं ती गुपचूप ओतली. त्याचा आकडा तेरावरच थांबला.

"सगळासना नऊ, तुन्हा तेरा? खोटं लिखस?"

"सर, ब्युरेटनंच दाखवलं."

मास्तरांनी वहीत लाल रेघ ओढली, खाली शेरा लिहिला. त्या शेऱ्यानं वाहरूची वसतिगृहातली जागा गेली. मी समोरच उभी होते, पण मला तोंड कुठलं? 

पुढे त्याची बाटली ओतून देताना मास्तरांना मोहाचा वास आला. घरच्या दारूत पाणी असतं. त्यांनी नऊवर थांबलेल्या आपल्या बाटलीत पाणी घातलं आणि चार दिवसांनी मोजलं. नऊचे अकरा झाले होते. पाण्यानं आम्ल परत वाढलं होतं.

"पोऱ्या खरा व्हता," ते म्हणाले, आणि मला भरलेलीच सोडून डोंगराकडे निघाले.

आठ दिवसांनी एकटेच परतले. वाहरू लाकूडतोडीच्या टोळीबरोबर कुठे गेला, ते तुळशीबाईलाही ठाऊक नव्हतं. तोवर कॉस्टिकनं माझी तोटी घट्ट बसली होती. गरम पाणी झालं, तेल झालं, ती फिरली नाही.

काम झालं की आमची तोटी धुऊन ठेवत जा, मित्रांनो. आणि कुणाचा आकडा जुळला नाही, तर रेघ ओढण्याआधी विचारा, बाबा, बाटलीत काय घातलं होतंस? मास्तरांनी तेवढं विचारलं नव्हतं. अजून कधी कधी ते कपाट उघडून माझी तोटी फिरवून बघतात.