भरलेला पेला

“भरलेला पेला दिसला म्हणून खूश नको होऊस,” वॉर्डातल्या मावशींनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “काठोकाठ पेला म्हणजे काहीतरी बिनसलंय.”

ती नुसती हसली होती. कॉलेज शिकलेली, रांगतं बाळ सासूबाईंच्या हवाली करून मदतनिसाच्या कामावर नुकतीच रुजू झालेली. डोक्यात काळज्यांना तोटा नव्हता, त्यात पेल्याची कुठं भर घालायची? मावशींचं बोलणं तिनं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडलं, आणि खाटांशेजारचे पेले ती हौसेनं भरत राहिली.

आज खिडकीजवळच्या आजींना उठवायला तिनं हात दिला, तशा त्या तिच्या खांद्यावर कलंडल्या. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. तिच्या तोंडून हाक निघायच्या आत मावशी हजर. दोघींनी आजींना अलगद निजवलं. नर्सबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, “अंगातलं पाणी कमी झालंय.”

शेजारी पेला होता. सकाळी तिनंच भरलेला. तसाच.

मावशी खाटेच्या कडेला टेकल्या.

“काय आजी, पाण्याशी भांडण झालंय का?”

“तहानच लागत नाही हो.”

“मला नका बनवू.” मावशींनी आवाज खाली आणला. “प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, म्हणून ना?”

आजींनी चादरीचा काठ चिमटीत धरला. “सारखी कुणाला हाक मारायची? तुमच्यामागे काय कमी कामं आहेत?”

“अहो, हाका मारायलाच तर ठेवलंय आम्हाला! तुम्ही गप्प बसलात तर आमची नोकरी जायची.”

आजी खुदकन हसल्या. पण मावशींनी पेला पुढे केला नाही. नर्सबाईंना विचारून चाकाची खुर्ची आणली आणि आधी आजींना बाथरूमला नेलं. दार लोटून त्या पाठ करून उंबऱ्याशीच उभ्या राहिल्या आणि भाज्यांच्या भावांवर मोठमोठ्यानं बोलत सुटल्या. टोमॅटो, कांदा, कोबी. आजींना घाई वाटू नये, अवघडल्यासारखं होऊ नये. आतून आजीही भाव करू लागल्या. परत आल्यावर त्यांनी आपणहून पेला उचलला.

ती बघतच राहिली. असं पाठ करून उभं राहणं आपल्याला कधी जमेल, असं तिला वाटलं.

चहाच्या सुट्टीत तिनं रोजच्यासारखा घरी फोन लावला.

“आई, त्याच्यावरची नजर हलवू नका हं. काय हाताला लागेल ते तोंडात घालतो.”

“नाही गं बाई. तू गेल्यापासून जागची हललेली नाही मी.”

रोज हे ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. आज फोन ठेवल्यावरही तिचं चहाकडे लक्ष गेलं नाही.

घरी पोचली तेव्हा बाळ डबा वाजवत बसलं होतं. सासूबाई भिंतीला टेकून, दुखरा गुडघा लांब करून, डोळे बाळावर. रोज ती आधी बाळाला उचलायची. आज तिची नजर सासूबाईंच्या शेजारी गेली. निघताना तिनं भरून ठेवलेला पेला. झाकण तसंच, पाणी काठोकाठ.

“आई, पाणी नाही प्यायलात?”

“तहानच लागत नाही गं.”

बाथरूम बोळाच्या पार टोकाला होतं. तिनं बाळाला कडेवर घेतलं आणि दुसरा हात पुढे केला.

“आधी जाऊन या. आम्ही दोघं आहोत इथं.”

“अगं, आल्या आल्या तू जरा टेक तरी...” म्हणत सासूबाई उठल्या, त्या इतक्या लगबगीनं की गुडघ्याचं दुखणंही विसरल्या.

ती बोळात दाराकडे पाठ करून उभी राहिली. भाज्यांचे भाव तिला धड ठाऊक नव्हते. तरी ती मोठमोठ्यानं सांगत राहिली.

“काहीतरीच काय!” आतून आवाज आला. “कोबी कुठला एवढा महाग?”

हल्ली वॉर्डात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एक गोष्ट सांगते, आणि तुमच्याकडेही तिचं तेवढंच मागणं आहे. तुमच्यासाठी जे कुणी दिवसभर जागचं हलत नाही, ‘मला काही नको’ म्हणतं, त्याच्या शेजारचा पेला एकदा बघून या.