पहिली ओळ रिकामी

सकाळी नऊला बाईंनी संगणक उघडला आणि त्या खुर्चीतून जवळजवळ उडाल्याच. नोंदी दहा! हव्या होत्या बारा, त्याही दुपारी बाराच्या आत. तीन तास हाताशी आणि नोंदी फक्त दोन कमी. बाईंच्या गळ्यातली शिट्टी आपोआप तोंडात गेली, पण ऑफिसात बसलोय हे आठवून त्यांनी ती वाजवली नाही.

बाई म्हणजे तरण तलावावरच्या पोहणं शिकवणाऱ्या बाई. सव्वीस वर्षं त्या सकाळी सातला मोठ्या माणसांना पोहायला शिकवत होत्या. चाळिशी-पन्नाशी उलटलेली, पाणी पाहूनच मागे सरकणारी माणसं. हल्ली हा वर्ग रोडावला होता. तलावाच्या व्यवस्थापकांनी ठरवून टाकलं होतं की सोमवारपासून सातची वेळ शर्यतीच्या संघाला द्यायची. बाईंनी चार दिवस भांडून अट घालून घेतली: नवी बारा माणसं मिळाली तर वर्ग राहील. नाही मिळाली, तर बाराच्या ठोक्याला बाईंच्या वर्गाचे बारा वाजणार.

माणसं होती, हीच तर गंमत. गेल्या काही वर्षांत चौदा जणांनी बाईंना कोपऱ्यात गाठून हळूच विचारलं होतं. पण खिडकीशी रांगेत उभं राहून, पोहायला आलेल्या पोराटोरांसमोर "मला भीती वाटते" म्हणायचं कोणी? म्हणून बाईंनी घरबसल्या नोंदणीचं पान करायला घेतलं होतं. नाव नको, टोपणनाव चालेल. फोन नंबर, आणि भीती किती ते: थोडी, बरीच, खूप. खाली ठळक अक्षरांत एक ओळ: 'तुमची नोंद फक्त मी पाहते. कोणालाही सांगत नाही.'

ते पान पीएचपी या संगणकाच्या भाषेत लिहिताना बाईंच्या नाकी नऊ आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी फाईलवर दोनदा क्लिक केलं, तर पान दिसायच्या ऐवजी त्यांनी लिहिलेला कोडच जसाच्या तसा समोर आला. फाईल सर्व्हरमार्फत उघडायची असते, हे तेव्हा कळलं. मग आठवडाभर नुसतं पांढरं पान. ना चूक दिसे, ना बरोबर. शेवटी भाचीने फोनवर सांगितलं, "मावशी, आधी त्याला चुका दाखवायला सांग." सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ घातली आणि पडदा लगेच बोलायला लागला: अठराव्या ओळीत गडबड. पाहतात तर सतराव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिलेला. तेव्हापासून बाईंना चुकांच्या संदेशांची भीती वाटेनाशी झाली. बोलणारा शिष्य बरा, गप्प बुडणाऱ्याचं काय करणार?

काल संध्याकाळी पान सुरू करून बाईंनी त्याचा पत्ता फाटकावर चिकटवला होता, आणि आज दहा नोंदी. व्यवस्थापक दारात आले. चकचकीत बूट, हातात चहाचा कप. तलावाच्या काठाने न येता ते नेहमी भिंतीला चिकटून लांबून येत. अकरा वर्षं बाईंची समजूत होती की ते बुटांना जपतात.

"दहा? वा," ते म्हणाले. "एकच माणूस दोनदा नाही ना?"

बाईंनी यादी उघडली आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. दहापैकी आठ नोंदी 'पाववाला' अशा होत्या. तोच फोन, तीच 'बरीच' भीती. खोटं बोलणं बाईंना कधी जमलं नव्हतं. "साहेब, आठ वेळा एकच माणूस आहे. खरी माणसं तीन."

"मला माणसं हवीत बाई, नोंदी नकोत. आणि ती बाराच्या आत." ते भिंतीकडेने निघून गेले.

बाईंनी पाववाल्याला फोन लावला. तो बिचारा रडकुंडीला आला. "बाई, मी एकदाच भरलं हो! मग नोंद झाली की नाही बघायला पान ताजं करत बसलो, रिफ्रेश म्हणतात ते. जीव राहीना!"

म्हणजे पान ताजं केलं की नोंद पुन्हा पडत होती. त्या चौदा जणांना आज पान पाठवायचं, तर सगळेच घाबरट आणि सगळेच पान ताजं करत बसणार. बाईंनी भाचीला गाठलं.

"सोप्पंय," भाची म्हणाली. ती दूरच्या एका कंपनीत हेच काम करायची. "नोंद साठवली की त्या माणसाला तिथे थांबू द्यायचं नाही. लगेच दुसऱ्या पानावर पाठवायचं, 'नोंद झाली' म्हणून. मग तो ते पान कितीही वेळा ताजं करू दे, नोंद पुन्हा होणार नाही."

"मग तूच करून दे ना गं. माझा जीव टांगणीला लागलाय."

"अजिबात नाही. मी सात वर्षांची असताना तू माझ्या पाठीखालचा हात काढून घेतला होतास, आठवतंय? मी किती बोंबलले होते!"

"तू तरंगलीस पण."

"तेच म्हणतेय मी. लिही, मी फोनवर आहे."

बाईंनी लिहिलं. दुसऱ्या पानावर पाठवायची ओळ, आणि त्याखाली काम थांबवायची ओळ. या वेळी अर्धविराम राहिला नाही. स्वतःच्या नंबरने एक खोटी नोंद करून पाहिली. पान हललं नाही! वर संदेश आला की हेडर आता बदलता येणार नाहीत, मजकूर आधीच जायला लागलाय. सुरुवात: नोंदणीची फाईल, ओळ एक.

"पण पहिल्या ओळीत काहीच नाहीये!" बाई ओरडल्या. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे रिकामी आहे. मी दुसरीपासून लिहिते नेहमी."

"का?"

"का म्हणजे? पहिली ओळ क्लिपखाली जाते!"

भाची इतकी हसली की बाईंना फोन कानापासून लांब धरावा लागला. सव्वीस वर्षं बाईंनी हजेरी क्लिपच्या पॅडवर लिहिली होती. वरची ओळ चिमट्याखाली दडते, वर ओला अंगठाही नेमका तिथेच लागतो. म्हणून कुठलाही कागद त्या दुसऱ्या ओळीपासून सुरू करत. संगणकातल्या फाईलला चिमटा नसतो, हे हाताला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मावशी, हेडर म्हणजे पाकिटावरचा पत्ता समज. पाकीट टपालपेटीत टाकल्यावर पत्ता बदलता येईल का? तुझी रिकामी ओळ म्हणजे कोरा कागद घालून पाकीट आधीच टाकून देणं. मग तू म्हणतेस, आता दुसऱ्या पत्त्यावर ने!"

बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. पहिली ओळ खोडली, कोड वर सरकला. मघाची खोटी नोंद पुसून पुन्हा नोंद केली. बटण दाबताच नवं पान उघडलं: 'नोंद झाली. घाबरू नका.' ते पान त्यांनी सहा वेळा ताजं केलं. यादीत नोंद एकच! या वेळी शिट्टी वाजली, आणि अशी वाजली की तलावातली सगळी पोरं जागच्या जागी थांबली.

पाववाल्याच्या जादा सात आणि स्वतःची खोटी नोंद पुसून बाईंनी चौदा जणांना पान पाठवलं. मग काय! शिंपीणकाकू, खूप. चष्मेवाला, थोडी, आणि कंसात 'बरीच'. एक आजोबा आणि त्यांची सून, दोघांनी एकमेकांना न सांगता. पावणेबाराला यादीत अकरा माणसं होती, आणि बाईंचं बूड खुर्चीला टेकत नव्हतं.

मग काहीच येईना. बाराला दहा मिनिटं कमी. बाराला पाच कमी. उरलेल्यांना पुन्हा विचारावं, तर भित्र्या माणसाला ढकललं की तो कायमचा जातो, हे बाईंपेक्षा जास्त कोणाला ठाऊक? हात मांडीखाली दाबून त्या बसून राहिल्या. सव्वीस वर्षं अशी संपणार की काय, या विचाराने डोळे भरून आले.

बाराला दोन कमी. बारावी नोंद पडली. टोपणनाव 'काठावरचा'. भीती: खूप.

फोन नंबर वाचून बाईंनी पुन्हा वाचला. तो त्यांना पाठ होता. तलावाच्या फाटकावरच्या पाटीवर, 'तक्रारींसाठी' या शब्दाखाली तो अकरा वर्षं रंगवलेला होता.

त्यांनी काचेपलीकडे पाहिलं. व्यवस्थापक टेबलाच्या खणात डोकं घालून काहीतरी शोधत होते. बराच वेळ शोधत होते.

बाराला ते आले, भिंतीकडेनेच. कान लाल झाले होते. "किती?"

"बारा. आणि बाराही वेगवेगळी माणसं, तपासलंय."

"हं. कोण कोण आहेत?"

"ते मी कोणालाही सांगत नाही साहेब," बाई म्हणाल्या. "पानावर लिहिलंय तसं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "मग राहिला तुमचा वर्ग. सोमवारी सातला ना?"

"सातला. पहिल्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. नुसतं पायऱ्यांवर बसायचं, बूट काढून."

मान हलवून ते निघाले. अर्ध्या वाटेत थांबले, भिंत सोडून पाण्याच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि चटकन परत फिरले. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही असं दाखवलं. त्यांनी पॅडला कोरा कागद लावला आणि दुसऱ्या ओळीपासून सोमवारची हजेरी लिहायला घेतली.